पापणी धुवायची म्हणजे नेमकं काय धुवायचं?

काल रात्री पापण्या धुवायच्या बाटलीतून फेसाऐवजी नुसती फुसफुस आली. संपली. सकाळी कॅलेंडर पाहिलं, उघडल्याला बरोबर ६३ दिवस झाले होते. ६० मिलीची बाटली, रोज रात्री एकदा, दोन्ही डोळ्यांना मिळून दोन पंप. म्हणजे दिवसाला एक मिलीसुद्धा नाही. एवढं वापरल्यावर आता माझ्या मताला थोडं वजन असावं. खोकं उघडल्या उघडल्या ‘छान आहे, पॅकिंग सुंदर’ असं लिहिणाऱ्यांच्या भरवशावर मी ही वस्तू घेतली होती, आणि त्यातल्या एकीनेही टोपण गळतं हे सांगितलं नव्हतं.

वस्तू म्हणजे आयलॅश एक्स्टेन्शन, म्हणजे आपल्या पापणीच्या केसांवर गोंदाने चिकटवलेले नकली केस, धुवायचा संच. फेसाची एक बाटली, एक मऊ ब्रश, दोन स्पूली, म्हणजे मस्काऱ्याच्या काडीला असतो तसला गोल ब्रश, आणि हातात धरायचा चार्जिंगचा छोटा पंखा. नाव लिहीत नाही. हेच चार जिन्नस याच रंगाच्या खोक्यात वेगवेगळ्या नावांनी मिळतात, त्यामुळे नावापेक्षा आत काय आहे ते कळलेलं बरं.

आधी माझ्याबद्दल, कारण त्याशिवाय या परीक्षणाला अर्थ नाही. मी शिवणकाम करते. दिवसाचे आठ-नऊ तास मशीनवर, त्यातले दोनेक तास ओव्हरलॉकवर. ओव्हरलॉकची पाती कापडाची कड छाटत जाते आणि सुताची बारीक लव हवेत उडते. ती चष्म्यावर बसते, नाकात जाते, आणि डोळ्यांवर एक्स्टेन्शन असतील तर तिथे मुक्कामच ठोकते. वर खुणा करायच्या खडूची पूड. वर इस्त्रीची वाफ. ज्यांनी लॅशेसच्या वाटेला जाऊ नये अशा लोकांची यादी केली तर मी पहिल्या पाचांत येईन. तरी गेले. माझ्या मूळच्या पापण्या आखूड, खाली झुकलेल्या, जाड काचेआड असून नसल्यासारख्या. ४६व्या वर्षी वाटलं, करून बघू.

पहिल्या खेपेला जिने लावल्या तिने निघताना एकच बजावलं, “ताई, पाणी लागू देऊ नका हं.” किती दिवस ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मी आज्ञाधारक बाई. तोंड धुताना कपाळ वेगळं, गाल वेगळे, मध्ये डोळ्यांचा पट्टा कोरडा. डोक्यावरून अंघोळ करताना मान इतकी मागे की मानेत उसण भरली. अकराव्या दिवशी सकाळी उजवा डोळा उघडेना. बोटाने सोडवला तर कडेला पिवळट खपल्या, केसांच्या मुळाशी डोक्यातल्या कोंड्यासारखं काहीतरी पांढरं, आणि खाज अशी की टीप मारता मारता हात डोळ्याकडे जायचा. अठराव्या दिवशी डाव्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यात चक्क टक्कल पडलं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी यंत्रावर हनुवटी टेकवायला लावली, दोन्ही डोळे पाहिले आणि विचारलं, “पापण्या धुता का?”

“नाही. धुवायच्या नसतात ना.”

त्या हसल्या नाहीत. ब्लेफरायटिस म्हणाल्या, म्हणजे पापणीच्या कडेची सूज. आहेत त्या लॅशेस काढून घ्या, पण हाताने ओढू नका, ओढलात तर आपला केसही उपटून येतो. जेल लावून काढतात तशा काढून घ्या, चार आठवडे काही लावू नका, आणि रोज पापणी धुवा.

इथे माझी फसगत झाली ती आपल्या भाषेपायी. डोळ्यावरचं कातडं मिटतं ती पापणी, आणि त्या कातड्याच्या कडेला केस असतात तीही पापणी. लवते तेव्हा कातडं, गळते तेव्हा केस. डॉक्टर म्हणाल्या एक, मी समजले दुसरं. दहा दिवस मी इमानेइतबारे केस धुतले. टोकाकडून, अलगद, कापसाचा बोळा ओला करून. पुढच्या तपासणीला कड तशीच सुजलेली, आणि वर कापसाचे तंतू अडकलेले. शेवटी बाईंनी कागदावर चित्र काढलं. पापणीची कड म्हणजे नुसती रेघ नव्हे, साधारण दोन मिलिमीटर रुंदीची पट्टी आहे. तिच्या पुढच्या बाजूला केसांची रांग. त्या रांगेच्या मागे, डोळ्याच्या बाजूला, बारीक बारीक तोंडांची दुसरी रांग. ती तेलाच्या ग्रंथींची तोंडं. वरच्या पापणीत साधारण २५ ते ४०, खालच्या पापणीत २० ते ३०. त्यातून झिरपणारं स्निग्ध द्रव्य अश्रूंवर साय धरतं, म्हणून डोळा लगेच कोरडा पडत नाही. कडेवर मळ साचला की ही तोंडं बुजायला लागतात.

चित्र पाहिलं आणि डोक्यात प्रकाश पडला. अहो, ही तर माया! शिवणीच्या पलीकडे जी दोन बोटं सोडतो ती. वरून कोणाला दिसत नाही, पण कपडा टिकतो तिच्यावर. ती उसवली की वरची टीप कितीही सुंदर असो. तेव्हापासून मी ‘पापण्या धुते’ असं म्हणतच नाही, ‘माया धुते’ म्हणते. घरात सगळ्यांना सवय झाली आहे.

चार आठवड्यांनी दुसरीकडे लावून घेतल्या. ही मुलगी पहिलीच्या अगदी उलट. म्हणाली, “ताई, न धुता रिफिलला आलात तर परत पाठवीन.” रिफिल म्हणजे गळलेल्यांच्या जागी नव्या लावून घेणं. फेस कुठलाही चालेल, पण पापणीसाठी बनवलेला, बिनतेलाचा आणि शक्यतो बिनवासाचा घ्या म्हणाली. मग मी हा संच घेतला.

आता बाटली. पहिल्यांदा कळलेली गोष्ट अशी की आतलं द्रव पाण्यासारखं पातळ आहे. मला वाटलं फसवलं. पण फेस करण्याचं काम द्रवाचं नसून पंपाचं असतं. दाबलं की आतली छोटी खोली थोडं द्रव आणि बरीचशी हवा एकत्र घेऊन बारीक जाळीतून ढकलते, आणि बाहेर येतो तो अगदी मऊ, बसका, लवकर न ओघळणारा फेस. ओघळत नाही हे महत्त्वाचं, कारण ओघळला की डोळ्यात. या संचातला पंप खरंच चांगला आहे. ६३ दिवसांत एकदाही चिकटला नाही, फेस पहिल्या दिवशी होता तितकाच दाट शेवटच्या आठवड्यात.

टोपणाची मात्र रड आहे. वरचं पारदर्शक झाकण नुसतं टेकलेलं असतं, खटकन बसत नाही. पिशवीत आडवी ठेवली आणि तासाभरात कात्रीच्या म्यानात फेस. बाटली उभीच ठेवावी लागते. प्रवासाला निघणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, मी रबरबँड लावून नेते.

माझी भाची फार्मसी शिकते. तिच्या हातात बाटली दिली आणि म्हटलं, वाच. तिने आधी मागचं उघड्या डबीचं चित्र दाखवलं, त्यात ‘६ एम’ लिहिलेलं होतं: उघडल्यापासून सहा महिन्यांत संपवा. मग घटकांची यादी. पहिलं पाणी. मग डेसिल ग्लुकोसाइड आणि कोकामिडोप्रोपिल बीटेन, हे दोन मळ काढणारे. ग्लिसरीन. टिकण्यासाठी फिनॉक्सिइथेनॉल. पार शेवटी टी ट्री. घटक जास्तीकडून कमीकडे लिहायचे असतात, एक टक्क्याच्या आतले मात्र कसेही लिहिले तरी चालतात, हे तिने सांगितलं. तेव्हा खोक्यावर हिरव्या पानाचं एवढं मोठं चित्र असलं तरी आत टी ट्री नावापुरतं. मला ते चालतंय. निव्वळ टी ट्री तेल डोळ्याला आग करतं, ते कोणीही घरच्या घरी पापणीवर लावू नये.

खोक्यावर ‘पापणीतले किडे मारतो’ असंही लिहिलं आहे. किडे म्हणजे डेमोडेक्स. हे जीव असतात, ही अफवा नाही. केसांच्या मुळाशी राहतात, लांबी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढी, आणि मोठ्या माणसांमध्ये सर्रास आढळतात. बहुतेकांना त्यांचा काही त्रास नसतो. वाढले तर त्याची औषधं डॉक्टर देतात. फेसाच्या बाटलीकडून ती अपेक्षा ठेवू नये. भीती दाखवून विकायची ही जुनी रीत आहे, आणि मला ती आवडली नाही.

त्या बीटेनबद्दल भाचीने एक गोष्ट सांगितली ती इथे देते. हा तसा सौम्य पदार्थ, बेबी शाम्पूतही असतो, पण काहींना त्याची अ‍ॅलर्जी येते. अमेरिकेतल्या कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २००४ साली त्याला ‘वर्षाचा अ‍ॅलर्जन’ ठरवलं होतं. तेव्हा फेस पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन-तीन दिवस बघावं. मी बघितलं. मला काही झालं नाही. डोळ्यात गेला तर? गेला, दोनदा. पहिल्यांदा किंचित चुरचुर, पाण्याचा हबका मारला, संपलं. दुसऱ्यांदा मी फोनवर बोलत धूत होते, तो दोष माझा. वास मात्र आहे, काकडीसारखा. मंद आहे, पण डोळ्याजवळ वास कशाला हवा, हे मला अजून कळलेलं नाही.

ब्रश हा या संचातला राजा. नायलॉनचे केस, टोकाला निमुळते, इतके मऊ की मिटल्या डोळ्यावर फिरवला तर लागत नाही, आणि तरी मुळाशी शिरतो. फेस बोटाने लावूनही चालतं, पण बोट केसांच्या मधे जात नाही. माझी पद्धत सांगते, रिफिलच्या मुलीकडून शिकलेली आणि नऊ आठवड्यांत माझ्या हाताला बसलेली.

आधी हात साबणाने धुवायचे आणि पुसायचे. चष्मा काढून लांब, नाहीतर त्यावर कोपर पडतं. लेन्स लावणाऱ्यांनी लेन्स आधी काढावी. तोंडाचा मेकअप आधी वेगळा काढायचा, बिनतेलाच्या क्लेन्झरने, म्हणजे फेसावर तो बोजा येत नाही. मग एक डोळा मिटायचा, कोमट पाण्याचा हात फिरवायचा, एक पंप फेस पापणीच्या मुळाशी ठेवायचा. ब्रश आडवा धरून आधी मायेवरून, आतल्या कोपऱ्यापासून बाहेरपर्यंत, छोटे छोटे हेलकावे. दाबायचं नाही. मग ब्रश उभा करून मुळाकडून टोकाकडे, केस ज्या दिशेने वाढतो त्याच दिशेने. गोल गोल कधीही नाही. संचातल्या पत्रकात ‘गोलाकार फिरवा’ असं छापलं आहे आणि ते चूक आहे. गोल फिरवलं की एका लॅशचं बूड दुसरीत अडकतं आणि पीळ पडतो. मग खालची बाजू: डोळा मिटलेलाच ठेवून पापणीचं कातडं बोटाने जरासं वर ओढायचं म्हणजे केसांची मुळं उघडी पडतात. तिथेच लव सापडते. पहिल्या रात्री पांढऱ्या बेसिनमध्ये निळ्या रंगाचे तंतू आले. त्या दिवशी मी निळं कापड शिवलं होतं.

एका डोळ्याला अर्धा-पाऊण मिनिट पुरतं. मग पाणी. ओंजळीने वरून सोडायचं, शॉवरची धार थेट डोळ्यावर घ्यायची नाही. फेस पूर्ण निघेपर्यंत धुवायचं, कारण उरलेला फेस वाळला की पुन्हा पांढरट पापुद्रा होतो आणि आपण समजतो पापणी खराब झाली. हे माझं पहिल्या आठवड्यात झालं होतं.

कोरडं करायला टॉवेल नको. टॉवेलला धाग्यांचे फास असतात, टेरीकापड म्हणतो आम्ही, आणि त्या प्रत्येक फासात एकेक लॅश अडकू शकते. मी जुन्या, धुऊन धुऊन तलम झालेल्या सुती कापडाचा तुकडा कडा दुमडून शिवून घेतला आहे, तो खालून टेकवते. पाणी तो ओढतो. चोळायचं नाही, टेकवायचं. कापूस का नको ते वर आलंच.

पंखा. हा संचातला सगळ्यात बावळट जिन्नस. खेळण्यासारखा आवाज करतो, हवा एवढीशी, आणि पाचव्या आठवड्यात चार्ज होणं बंद झालं. कल्पना मात्र बरोबर आहे, हवा थंड हवी. एक्स्टेन्शनचा केस बहुधा पीबीटी नावाच्या पॉलिस्टरचा असतो, आमच्या शिलाईच्या पॉलिस्टर दोऱ्याचा चुलतभाऊ. वितळायला त्याला २२० अंशांच्या आसपास उष्णता लागते, पण आकार सैल व्हायला तेवढी लागत नाही. पॉलिस्टरच्या चुण्या इस्त्रीने बसवल्या आणि इस्त्रीनेच घालवल्या आहेत मी, मला हे कोणी शिकवायला नको. लॅशचा बाक उष्णतेने बसवलेला, उष्णतेनेच जातो. म्हणून हेअर ड्रायर गरम हवेवर नाही, आणि वाफेची इस्त्री वापरताना मी आता तोंड बाजूला करते. पंखा बंद पडल्यापासून खिडकीत पाच मिनिटं बसते. भागतं.

स्पूली शेवटी, जवळजवळ सुकल्यावर. ओल्या केसावर फिरवली तर ताण पडतो. खालून आधार देऊन, वरच्या अर्ध्या भागातून. दोन स्पूली दिल्या आहेत, एक वापरायची आणि दुसरी तोवर धुऊन वाळत. त्याच फेसाने धुवायच्या. ब्रशही. ओला ब्रश टोपण घालून ठेवला तर त्यात काय वाढेल ते देव जाणे. मी दोऱ्याने खिडकीत टांगते.

आता मुद्दा पाण्याचा, कारण अजूनही माझ्याकडे येणाऱ्या बायका विचारतात की धुतलं तर निघून नाही का जाणार. लॅशचा गोंद म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट, झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्या कुळातला. हॅरी कूव्हर नावाचा रसायनशास्त्रज्ञ १९४२ साली बंदुकीच्या नेमदर्शकासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होता, तेव्हा ही चिकट ब्याद त्याच्या हाती लागली आणि त्याने ती बाजूला ठेवली. गोंद म्हणून ती १९५८ साली विक्रीला आली. कपड्यावर खडे चिकटवायला मी तो गोंद वापरलाय, आणि एकदा सुती चिंधीवर सांडल्यावर चिंधी तापून तिच्यातून धूर आलेला पाहिलाय. हा गोंद सुकतो तो हवेतल्या ओलाव्यामुळे. पाणी त्याचा शत्रू नाही, पाण्यानेच तो घट्ट होतो. फक्त अगदी ताजा असताना एकदम खूप पाणी मिळालं तर तो घाईघाईने, पांढरट आणि ठिसूळ धरतो. म्हणून पहिल्या दिवसाची काळजी. कोणी २४ तास सांगतात, कोणी ४८, आणि काही कारागीर लावून झाल्यावर स्वतःच धुऊन देतात. गोंदागोंदात फरक असतो, जिने लावल्या तिला विचारावं. मी दुसऱ्या दिवशी रात्रीपासून धुते.

तेलाचं वेगळं आहे. एकदा मशीनला तेल देऊन तेच बोट डोळ्याला लावलं आणि रात्रभर झोपले नाही, सगळ्या गळणार म्हणून. गळल्या नाहीत. धरलेला गोंद तेलाच्या एका थेंबाने विरघळत नाही. काढायच्या जेलमध्ये प्रोपिलीन कार्बोनेटसारखी खास द्रावणं घालावी लागतात ती उगाच नाही. पण तेलकट केसावर नवा गोंद धरत नाही, हे अगदी खरं, आणि कड तेलकट राहिली तर लव, खडू, सगळं तिथेच चिकटतं. म्हणून डोळ्याभोवती तेलाचं क्रीम नाही, वॉटरप्रूफ मस्कारा तर नाहीच, कारण तो काढायला तेल लागतं आणि चोळावं लागतं. पण एवढं पाळलं की चुकून लागलेल्या तेलाच्या थेंबाला कोणी इतकं घाबरून राहावं, असं मला वाटत नाही.

फरक पडला का? पडला, पण श्रेय वाटून द्यावं लागेल. पहिल्या खेपेला अठराव्या दिवशी टक्कल होतं. आता तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी रिफिलला जाते तेव्हा अर्ध्याहून जास्त शिल्लक असतात, झुबके होत नाहीत, खाज नाही. पण लावणारी बदलली आहे, तिचा हात चांगला आहे, एका केसाला एकच केस चिकटवते, शेजारच्याला गोवत नाही. त्यामुळे सगळं या बाटलीमुळे झालं असं मी म्हणणार नाही. डोळ्यांची कड निरोगी झाली, ते मात्र धुण्यामुळेच. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा यंत्रातून पाहिलं आणि या वेळी हसल्या.

खोक्यावरचं ‘लॅशेस आठ आठवडे टिकतील’ हे वाक्य खोडून टाकायला हवं. वरच्या पापणीला साधारण ९० ते १५० केस असतात, त्यातले एक ते पाच रोज आपसूक गळतात, आणि एक्स्टेन्शन त्या केसावरच बसलेलं असल्याने त्याच्याबरोबर जातं. धुताना बेसिनमध्ये दोन-तीन पडलेल्या दिसल्या म्हणून धुणं थांबवणाऱ्या बायका मला माहीत आहेत. मी पहिल्या आठवड्यात पडलेली प्रत्येक लॅश पांढऱ्या कागदावर चिकटवून, डोक्यावरचा दिवा वळवून, भिंगाने पाहिली. जिच्या बुडाशी आपला केस दिसतो, ती आपल्या वेळेने गेलेली. नुसती गोंदाची गाठ आणि केस नाही, ती उसवलेली. उसवलेल्या जास्त निघाल्या तर कारागिराला सांगावं. माझ्याकडे कागदावर एक उसवलेली होती, बाकीच्या वेळेने गेलेल्या.

बेबी शाम्पूने काम भागतं का, हा प्रश्न येणारच. त्या चार आठवड्यांत मी तोच वापरत होते, पाण्यात पातळ करून. भागतं, पण वास जास्त, आणि पातळ केलेलं द्रव टिकत नाही, कारण त्यातलं टिकवणारं औषधही पातळ होतं. रिकाम्या फेसाच्या बाटलीत ते भरून महिनाभर वापरायचं हा जो सल्ला फिरतो तो मला पटत नाही. डोळ्याला लावायची गोष्ट आहे. आणि न पातळ करता भरलात तर पंपाची जाळी तुंबते, हेही करून पाहिलंय, दुसऱ्या बाटलीवर.

डोळे आधीच लाल असतील, पापण्या सुजल्या असतील, किंवा लॅशेस लावल्यावर एक-दोन दिवसांत दोन्ही पापण्या टरारून सुजून खाजायला लागल्या असतील, तर हा संच घेऊ नका, डॉक्टरकडे जा. ती गोंदाची अ‍ॅलर्जी असू शकते आणि ती फेसाने धुऊन जात नाही. पट्टीच्या लॅशेस, ज्या रात्री काढून ठेवायच्या असतात, त्या वापरणाऱ्यांनाही यातलं ब्रशखेरीज काही लागणार नाही.

पाचांपैकी साडेतीन तारे देते. ते तीनसुद्धा झाले असते, ब्रशने सावरलं. पुढच्या वेळी संच घेणार नाही, नुसती बाटली आणि एक जास्तीचा ब्रश. मागवली आहे, चार दिवसांत येईल म्हणतात. तोवर रात्री कोमट पाणी आणि तो टांगलेला ब्रश यावर भागवते आहे, आणि ओव्हरलॉकची दोन कामं पुढच्या आठवड्यावर ढकलली आहेत.